सेंटर हाफची जागा

शाळा उघडून दहा दिवस झाले तरी शहादेवनं यंदा मैदानावर पाय ठेवला नव्हता. दरसाली पहिल्या शनिवारीच तो पोरींना दगडगोटे वेचायला लावायचा, बाभळीचे काटे झाडून घ्यायचा, फक्कीच्या रेषा मारायचा आणि कपाटातल्या हॉकीच्या स्टिका बाहेर काढायचा. बावीस वर्षांचा नेम होता त्याचा. यंदा मात्र तो पोरांची कवायत वऱ्हांड्यापुढंच घ्यायचा, हजेरी मांडायचा आणि पाच वाजले की स्कूटरला किक मारून घर गाठायचा. शेवटी चैतालीच त्याच्या वाटेत येऊन उभी राहिली.

"सर, कपाटाची चावी द्या."

"कशाला?"

"पॅड उन्हात घालायचेत. उंदरांनी कुरतडले असतील."

चैताली दहावीला होती आणि तीन वर्षांपासून संघाची गोलकीपर होती. तिचे पॅड शहादेवनं घाटनांदूरच्या गादीवाल्याकडून फोम आणि रेक्झीनचे शिवून आणले होते. ते घालून ती उभी राहिली की गोलपोस्ट अर्धा झाकायचा. बोलायला ती कमी, पण एकदा बोलली की शब्द मागं घ्यायची नाही.

"यंदा खेळायचं न्हाई का आपण?" तिनं विचारलं.

"खेळायचं की."

"मग कावून थांबलाव?"

शहादेवनं खिशातून चावी काढून तिच्या हातावर ठेवली.

गेल्या साली याच पोरींनी जिल्हा जिंकला होता. घाटनांदूरपासून कोसभर आत असलेल्या या गावातली शाळा, मुरमाचं मैदान, कांद्याच्या पोत्यांची जाळी बांधलेले गोल. आणि बीडच्या स्टेडियमवर त्यांनी एकामागं एक तीन संघ हरवले. विभागीय स्पर्धेला संभाजीनगरला गेल्या, तिथं उपांत्य फेरीत एका गोलनं हरल्या. पण हरून आल्या तरी गावात हलगी वाजली होती. त्या संघाचा कणा होती वैष्णवी. सेंटर हाफ. मैदानाच्या मधोमध उभी राहून ती डावीउजवीकडं असे पास द्यायची की बाकीच्या पोरींना फक्त पळायचं काम उरायचं. शहादेवनं स्वतः अंबाजोगाईला कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून हॉकी खेळलेली. खेळ वाचणारी नजर शिकवून येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. बावीस वर्षांत त्यानं ती एकाच पोरीत पाहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दहा पोरी मैदानावर आल्या. त्यानं शिट्टी वाजवली आणि म्हणाला, "आपापल्या जागा घ्या." सवयीनं सगळ्या पांगल्या. पुढं फॉरवर्ड, मागं बचाव, गोलात चैताली. मधली जागा मोकळी राहिली. कुणी तिथं सरकलं नाही. तो रिकामा मुरूम बघत शहादेव नुसता उभा राहिला, शिट्टी तोंडातच.

वैष्णवीचं मे महिन्यात लग्न झालं होतं. ती तेव्हा सोळाचीही पुरती नव्हती.

ती सुंदररावांची नात. सुंदरराव म्हणजे शाळेच्या संस्थेचे उपाध्यक्ष, गावातले मोठे बागाईतदार. त्यांच्या शब्दावाचून गावात खांब उभा राहायचा नाही. वैष्णवीचा संभाजीनगरचा एक फोटो पेपरात आला होता. अर्ध्या चड्डीतली, स्टिक उगारलेली, घामानं निथळणारी. तो फोटो बातमीदाराला शहादेवनंच पाठवला होता, मोठ्या हौसेनं. पेपर गावात आला त्या दिवसापासून पाहुण्यारावळ्यांत कुजबुज सुरू झाली. पोरगी वाऱ्यावर सुटली म्हणाले. सुंदररावांनी दोन महिन्यांत लिंबागणेशकडचं स्थळ पक्कं केलं. मुलगा पंचवीस वर्षांचा, घरचा ट्रॅक्टर, पाण्याखालची जमीन.

लग्नाच्या चार दिवस आधी सुंदरराव स्वतः शहादेवच्या दारात आले. वस्तीतल्या त्या गल्लीत त्यांची गाडी कधी वळली नव्हती. "सर, तुमी यायलाच पाहिजे," ते म्हणाले, "तुमच्यामुळं पोरीचं नाव झालं." शहादेवची आई दगडाबाई उंबऱ्यात बसली होती. गाडी गेल्यावर ती कितीतरी वेळ त्या चाकोऱ्यांकडं बघत राहिली. ज्या घराच्या पायरीशी तिचा नवरा चपला हातात घेऊन उभा राहायचा, त्या घरचा धनी तिच्या लेकाला बोलवायला आला होता.

शहादेव गेला. त्याला पहिल्या रांगेत बसवलं, फेटा बांधला, नारळ दिला. फेटा बांधणाऱ्याची बोटं त्याच्या कपाळावरून फिरत होती तेव्हा त्याच्या मनात बाप आला. आणि त्या घटकेला त्याला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. लई बरं वाटलं. खिशात फोन होता. दहा-नऊ-आठ हा बालविवाहाची खबर द्यायचा नंबर शाळेच्या भिंतीवर त्यानंच रंगाऱ्याकडून लिहून घेतला होता. चार आकडे दाबायचे होते. अंतरपाट खाली आला, तेव्हा वैष्णवीनं समोरच्या नवऱ्याकडं बघितलं नाही. तिची नजर माणसांतून काहीतरी शोधत फिरली आणि पहिल्या रांगेत येऊन त्याच्यावर थांबली. शहादेवच्या हातात अक्षता होत्या. त्यानं त्या टाकल्या.

पंधरा दिवस सराव झाला आणि शहादेवला कळून चुकलं की संघ बसत नाही. मधल्या जागेवर त्यानं तिघींना उभं करून पाहिलं. एकीचा फटका जोरात, पण ती बघून मारायची नाही. दुसरी चेंडू आला की घाबरून बाहेर काढायची. तिसरी, नववीतली राजश्री, हुशार होती पण अंगानं काटकुळी. धक्का लागला की पडायची. शहादेवचा आवाज चढत गेला. बावीस वर्षांत तो पोरींना इतकं कधी तोडून बोलला नव्हता. एका संध्याकाळी त्यानं राजश्रीला सगळ्यांदेखत म्हटलं, "डोळे घरी ठिवून आली का बे?" ती पोर स्टिक खाली टाकून रडायला लागली.

चैताली गोल सोडून पुढं आली. हेल्मेट काढून काखेत धरलं.

"सर, तिच्यावर कावून ओरडायलाव? ती वैष्णवी न्हाई."

"मला ठाऊक हाय."

"तुमी होता ना लग्नात?" तिनं एकदम विचारलं. "पहिल्या रांगेत बसलता म्हणे."

बाकीच्या पोरी जिथल्या तिथं थांबल्या. गावातली एक म्हैस मैदानाच्या कडेनं चालली होती, तिच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती.

"होतो," शहादेव म्हणाला.

चैतालीनं मान हलवली, एखादी गोष्ट तपासून पाहिल्यासारखी. मग राजश्रीची स्टिक उचलून तिच्या हातात दिली आणि परत गोलात जाऊन उभी राहिली. त्या दिवसानंतर शहादेव मैदानावर ओरडला नाही. पण पोरीही पूर्वीसारख्या त्याच्याभोवती गोळा होऊन हसल्या नाहीत. सांगेल ते करायच्या आणि घरी जायच्या.

जुलै तसाच गेला. ऑगस्टमध्ये संघाचा अर्ज भरला, मुख्याध्यापक मोहनरावांची सही झाली, जिल्हा स्पर्धेची तारीख सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली आली. राजश्री थोडी सावरली होती. बचाव बरा होता. आणि गोलात चैताली होती, तोवर फार गोल बसणार नाहीत, एवढा एक भरवसा होता.

पंधरा ऑगस्टच्या झेंड्यानंतर चैताली यायची बंद झाली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी शहादेवनं पोरींना विचारलं. सगळ्या खाली बघायला लागल्या. राजश्रीच बोलली, तीही स्टिकच्या मुठीवरची पट्टी नखानं उकलत.

"येत्या रविवारी तिचं लग्न हाय सर. मामाच्या गावातलं पोरगं हाय. दसऱ्यानंतर दोघं कोयत्याला जायचेत."

चैताली शहादेवच्याच वस्तीतली, त्याच्या भावकीतली. तिचा बाप बाळू नात्यानं त्याचा चुलतभाऊ लागायचा. दरसाली दसरा झाला की बाळू बायकोला घेऊन ऊस तोडायला जायचा. पोरगी आजीपाशी, म्हाताऱ्या साखराबाईपाशी राहायची. शहादेव थेट तिथं गेला. बाळू ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो शहादेवचा आवाज ऐकताच थांबला.

"ये दादा, बस," बाळू म्हणाला. "सांगायला येणारच होतो मी. विहारात लावायचं लग्न. साधंच."

"बाळू, पोरगी सोळाची हाय."

"तिची आई पंधराची होती."

"तो काळ वेगळा होता. कायदा हाय आता. आन् दहावी हाय तिची. बाबासाहेबांनी काय सांगितलंय, पोरी शिकवा म्हणून..."

"ते तू मला सांगू नको," बाळूनं हात झटकला. आवाज चढला नव्हता त्याचा, उलट खाली आला होता. "सुंदररावाच्या मांडवात तुला बाबासाहेब आठवले न्हाईत. तिथं फेटा बांधून घेतला. जेवला. आन् आमच्या दारात आलास कायदा शिकवायला? कावून, तर आमी तुझ्या हाताखालचे? आमच्यावर चालतंय तुझं?"

शहादेव ओट्याच्या कडेला टेकला.

बाळू जरा मवाळला. तंबाखूची चिमूट तोंडात टाकून म्हणाला, "दादा, हौस हाय का मला? आई आता थकली. दिसत न्हाई तिला धड. सहा महिने वयात आलेली पोरगी कुणाच्या जिवावर ठिवू? संगं न्यावं, तर फडात गेल्यावर खोपीत एकटी. मागच्या साली आमच्या शेजारच्या खोपीत काय झालं ते आमीच बघितलं. तू न्हाई बघितलं. नवऱ्यासंगं राहील, डोळ्यासमोर राहील."

"माझ्या घरी ठेव. आई हाय, बायको हाय."

"लोक काय म्हणतील?"

दाराच्या आत चैताली उभी होती. परकराला पीठ लागलेलं. ती रडत नव्हती. पेनल्टी कॉर्नरला उभी राहिल्यावर जशी बघायची, फटका कुणीकडून येतोय याचा अंदाज घेत, तशी बघत होती.

त्या रात्री दगडाबाईनं ताट वाढताना लेकाचं तोंड वाचलं. "आपलंच घर हाय रे ते," ती म्हणाली. "भावाच्या दारात पोलीस आणतो का कुणी? उद्या मी मेले तर खांदा द्यायला कोण यील?" तो जेवला नाही, ताटावरून उठला.

सकाळी शाळा भरायच्या आधी तो मैदानावर गेला. भिंतीवरचा नंबर त्याला पाठ होता, तरी तो त्या भिंतीसमोर उभा राहिला आणि बघून बघून दाबला. पलीकडून एका बाईचा आवाज आला. त्यानं गाव सांगितलं, मुलीचं नाव सांगितलं, वडलांचं नाव सांगितलं. "तुमचं नाव गुप्त ठेवू," बाई म्हणाली. "नको," तो म्हणाला. "ठेवून उपयोग न्हाई. सगळ्यांला कळणारच हाय."

शनिवारी दुपारी बीडहून बाल संरक्षण कक्षाच्या एक बाई आल्या, सोबत गावचे ग्रामसेवक आणि दोन पोलीस. सगळी वस्ती बाळूच्या दारात गोळा झाली. बाईंनी शांतपणे समजावलं, शाळेचा उतारा बघितला, बाळूकडून आणि मुलाच्या बापाकडून लिहून घेतलं की मुलगी अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही. बाळूनं कागदावर अंगठा उमटवला. साखराबाई कोपऱ्यात बसून एकसारखं विचारत होती, "कोण आलंय? काय म्हणायलेत?" तिला कुणी सांगत नव्हतं. शहादेव विहाराच्या भिंतीला टेकून उभा होता. माणसं त्याच्या अंगावरून जायची, पण एकानंही त्याच्याकडं बघितलं नाही. ज्यांच्या पोरांना त्यानं फुकट शिकवलं होतं, ती माणसं.

जाताना बाई त्याच्याकडं आल्या. "सर, तुम्ही फोन केला म्हणून हे थांबलं. गावात यावर्षी आणखी कुठं असं झालंय का?"

प्रश्न सरळच होता. त्या प्रत्येक गावात तो विचारत असाव्यात. शहादेवनं मान वर केली. समोर बाळूच्या दाराच्या चौकटीत चैताली उभी होती आणि ती ऐकत होती.

"झालंय," तो म्हणाला. "मे महिन्यात. मी स्वतः हजर होतो." आणि त्यानं नाव सांगितलं, लिंबागणेश सांगितलं, आणि बाईंनी पुढं केलेल्या कागदावर सही केली.

सोमवारी मोहनरावांनी त्याला ऑफिसात बोलावलं. आत सुंदरराव बसले होते. त्यांच्या कानावर बाळूची गोष्ट तेवढी आली होती.

"चांगलं काम केलं सर," ते म्हणाले. "तुमच्या लोकांत हे कुणीतरी करायलाच पाहिजे होतं. शिकल्यासवरल्या माणसानं समाजाला वळण लावावं."

मोहनरावांनी चहाचा कप शहादेवपुढं सरकवला. त्यानं हात लावला नाही.

"साहेब," तो म्हणाला, "मी वैष्णवीचंही नाव लिहून दिलंय."

 सुंदररावांनी कप बशीत ठेवला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर शहादेवला सोपं गेलं असतं.

"तुमी तर जेवून गेलता सर," एवढंच ते म्हणाले. जणू त्यांना खरंच समजत नव्हतं. मग उठले, धोतराचा सोगा सावरला आणि दारापाशी थांबून मोहनरावांना म्हणाले, "त्या मैदानावर दोन खोल्या बांधायच्या म्हणत होता ना तुमी? काढा इष्टिमेट."

गुरुवारी दुपारी शहादेवचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"सर, मी वैष्णवी."

त्याला खुर्चीतून उठावंसं वाटलं. तो उठला आणि वऱ्हांड्यात गेला.

"इकडं माणसं आलती बीडहून," ती म्हणाली. आवाज हळू होता, बहुतेक कुणाच्या नकळत बोलत होती. "मला विचारलं. मी सांगितलं, अठरा पूर्ण झालेत. यांनी आधार कार्ड दाखवलं. त्यात वय वाढवलेलं हाय. म्हणाले, आमी चौकशी करू. निघून गेले."

"खोटं कावून सांगितलंस पोरी?"

"मग काय सांगू? ती माणसं तासभर थांबली, सर. मला इथं रोज राहायचंय."  मागं कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती. "पाठवायची होती तर मे महिन्यात पाठवायची होती."

शहादेव वऱ्हांड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

"यंदा सेंटर हाफला कोण हाय?" तिनं विचारलं.

"कुणी न्हाई."

 मग फोन बंद झाला. त्यानं परत लावून बघितला, दोनदा. नंतर विचार केला की त्या घरात हा नंबर वाजणं तिलाच भोवेल, आणि थांबला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो आठ पोरींना घेऊन एसटीनं बीडला गेला. वस्तीतल्या एका पोरीला तिच्या आईनं पाठवलं नाही. चैताली नव्हतीच. बाळूनं शहादेवशी बोलणं टाकलं होतं, पण निरोप धाडला होता: पोरगी शाळेत जाईल, कागदावर अंगठा दिलाय तो पाळीन, पण ती बॅट पुन्हा हातात धरायची नाही, आणि त्या माणसाच्या मैदानावर जायचं नाही. म्हणून चैतालीचे पॅड राजश्रीच्या पायाला बांधले. ते तिच्या मांडीच्या वर यायचे. ती चालायला लागली की दोरीवरच्या ओल्या गोधडीसारखी डुलायची. समोरच्या संघातल्या पोरी हसल्या.

पहिला गोल चौथ्या मिनिटाला बसला. आठ पोरी अकराजणींपुढं पळत होत्या, आणि मधून येणारा प्रत्येक चेंडू कुणी न अडवता थेट गोलसमोरच्या डीमध्ये यायचा. राजश्री पडायची, उठायची, परत पडायची. मध्यंतरापर्यंत चार झाले. पोरी पाण्याच्या बाटल्या घेऊन खाली बसल्या आणि शहादेव काहीतरी सांगेल म्हणून त्याच्याकडं बघायला लागल्या. गेल्या साली याच मैदानावर याच वेळी तो पंधरा मिनिटं अखंड बोलला होता.

"पाणी प्या," तो म्हणाला. "हळूहळू प्या."

सामना सात-शून्यनं संपला. राजश्रीनं तीन गोल वाचवले होते, पण ते मोजायला कुणाला सवड नव्हती. पलीकडचा कोच, ओळखीचा माणूस, हात मिळवायला आला. "काय सर, गेल्या साली तुमच्या पोरींनी आमाला रडवलं होतं. ती सेंटर हाफ कुठं गेली? आन् ती उंच गोलकीपर?"

"दोघी गेल्या," शहादेव म्हणाला. त्या माणसाला वाटलं, दहावी होऊन गेल्या असतील. त्यानं मान डोलावली.

बसस्टँडवर त्यानं पोरींना वडापाव घेऊन दिले. त्या फलाटाच्या कठड्यावर ओळीनं बसून खात होत्या, गुडघ्यांवर मुरमानं खरचटल्याच्या खुणा, एकमेकींशी न बोलता. फॉरवर्डला खेळणारी एक पोरगी त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"सर, पुढच्या साली मी येणार न्हाई. घरचे न्हाई म्हणायलेत. तुमी घरी येऊन काही सांगू नका."

"बरं," तो म्हणाला.

दसरा झाला. वस्तीतल्या गाड्या भरल्या. भांडी, गोधड्या, शेळ्या, कोयते. शहादेव घरातच बसून राहिला. बाळूनं जाताना दगडाबाईला हाक मारून "येतो काकू" म्हटलं, आणि आत बसलेल्या त्याला नाही. गाड्या गेल्यावर दगडाबाईनं पदरानं डोळे पुसले.  ऑगस्टपासून ती लेकाशी गरजेपुरतंच बोलत आली होती.

चैताली आजीपाशी राहिली आणि शाळेत येत राहिली. वऱ्हांड्यात शहादेव दिसला की ती बाजूला होऊन वाट द्यायची. मैदानाच्या बाजूची वाट सोडून ती पाठीमागच्या विहिरीकडून घरी जायची. लांब पडायचं, तरी. मैदानावर आता खोल्यांसाठी चुन्यानं आखणी झाली होती, गोलपोस्टही उपटून भिंतीला उभे करून ठेवले होते. उरलेल्या कोपऱ्यात शहादेव सहासात पोरींना घेऊन चेंडू ढकलत बसायचा. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मोहनराव खिडकीतून बघायचे आणि पडदा ओढून घ्यायचे.

नोव्हेंबरात बोर्डाच्या परीक्षेचे अर्ज भरले जात होते. वर्गशिक्षक रजेवर होते, म्हणून दहावीच्या पोरांचे कागद शहादेवकडं आले. एकेक जण येऊन सही घेऊन जात होता. चैताली सगळ्यांत शेवटी आली. अर्ज टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरून उभी राहिली.

शहादेवनं अर्ज वाचला. अक्षर सुंदर होतं तिचं. नाव, आईचं नाव, जन्मतारीख. त्यानं सही केली आणि पेन खाली ठेवलं.

"आजी कशी हाय?"

"बरी हाय. डोळ्याचं ऑपरेशन करायचं म्हणायलेत."

"आई-बाबांचा फोन येतो का?"

"येतो, रविवारी."

बाहेर मधल्या सुट्टीचा गलका चालू होता. ती अर्ज घ्यायला पुढं आली. शहादेवनं तो लगेच सोडला नाही.

"चैताली, घरी आई-बाबा न्हाईत आता. संध्याकाळी अर्धा तास आलीस तर कुणाला कळणार न्हाई."

"मला कळंल ना, सर." ती शांतपणे म्हणाली. "पप्पाला शब्द दिलाय मी. त्यांनी त्यांचा पाळलाय."

त्यानं अर्ज सोडला. तिनं तो घेतला. पण ती लगेच वळली नाही, आणि शहादेवला वाटलं की आताच विचारलं नाही तर कधीच विचारता येणार नाही.

"माझ्यावर राग हाय का तुझा?"

चैतालीनं विचार केला. उत्तर द्यायचं म्हणून नाही, खरंच विचार केला.

"हाय," ती म्हणाली. "लई हाय." मग अर्जाची घडी करत, त्याच्याकडं न बघता तिनं पुढं सांगितलं, "वैष्णवीचा फोन आलता मला. दिवस गेलेत तिला. तिला कुणाचाच राग येत न्हाई म्हणली आता. मला ते ऐकून लई भ्या वाटलं, सर. त्यापरीस राग आलेला बरा."

घंटा झाली. तिनं अर्ज वहीत ठेवला, वही छातीशी धरली आणि ती गणिताच्या तासाला गेली. शहादेव बराच वेळ टेबलापाशी बसून राहिला. नंतर त्यानं टेबलावर उरलेले दहावीचे कागद क्रमानं लावले, दोऱ्यानं बांधले आणि मोहनरावांच्या ऑफिसात नेऊन ठेवले.